खोटा आरोप आणि वर्णद्वेषी समाज: जबाबदारी नेमकी कोणाची?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्णद्वेष मुरलेल्या समाजात एक गोरी स्त्री, जी स्वतः गरीब आहे आणि जिला कोणी विचारत नाही, कोंडीत सापडते आणि आपली सुटका करून घेण्यासाठी कृष्णवर्णीय पुरुषावर अत्याचाराचा खोटा आरोप करते. त्यापायी त्याचा जीव जातो किंवा उमेदीची वर्षे तुरुंगात जातात. याची नैतिक जबाबदारी तिची, की तिचा शब्द पुराव्यावाचून खरा धरणाऱ्या समाजाची? आणि तीही परिस्थितीचाच बळी असेल, तर तिला दोष देणे न्याय्य ठरते का?

नीतिशास्त्र आणि फौजदारी न्याय यांच्या सीमेवरचे विषय मी 28 वर्षे शिकवत आलो आहे आणि हा प्रश्न दरवर्षी कोणत्या ना कोणत्या रूपात समोर येतो. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: जबाबदारी दोघांचीही आहे, आणि ज्याची त्याची पूर्ण आहे. वडिलोपार्जित जमिनीसारखी जबाबदारीची वाटणी करता येते, समाजाच्या नावावर जेवढी चढेल तेवढी स्त्रीच्या नावावरून उतरेल, असे आपण नकळत धरून चालतो. सगळा घोळ या गृहीतापासून सुरू होतो. समाज जे करतो त्याचा जाब समाजाला द्यावा लागतो आणि स्त्री जे करते त्याचा तिला. तिच्या परिस्थितीमुळे तिच्याबद्दलची आपली कठोरता कमी होऊ शकते, पण तिने केलेली गोष्ट दुसऱ्याने केली असे त्यामुळे होत नाही.

हे हवेत बोलून पटणार नाही, म्हणून अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या एका खटल्याकडे जरा जवळून पाहू. 25 मार्च 1931 रोजी चॅटनूगाहून मेम्फिसकडे निघालेल्या एका मालगाडीत, मंदीच्या काळात फुकट प्रवास करणाऱ्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय पोरांची मारामारी झाली. गाडीतून खाली पडलेल्या गोऱ्या पोरांनी तक्रार केली आणि पेंट रॉक या लहानशा स्थानकावर बंदुका घेतलेल्या लोकांनी गाडी अडवली. नऊ कृष्णवर्णीय मुले पकडली गेली, त्यांतली सर्वांत लहान 13 वर्षांच्या आसपासची होती. त्याच गाडीतून पुरुषी ओव्हरऑल घातलेल्या दोन गोऱ्या मुलीही उतरल्या: 21 वर्षांची व्हिक्टोरिया प्राइस आणि 17 वर्षांची रूबी बेट्स. दोघी हंट्सव्हिलच्या सूतगिरण्यांत तुटपुंज्या मजुरीवर राबणाऱ्या होत्या. परक्या पोरांबरोबर मालगाडीत सापडलेल्या मुलींवर भटकेगिरीचा किंवा बदफैलीचा ठपका येण्याची भीती होती, आणि प्रकरण आपल्या अंगावर शेकू नये म्हणून त्यांनी बलात्काराचा आरोप केला, असे बचाव पक्षाने पुढे मांडले. घटनेनंतर 12 दिवसांत स्कॉट्सबरो गावी खटले सुरू झाले आणि चार दिवसांत संपलेही. आठ जणांना मृत्युदंड झाला. सर्वांत धाकट्याच्या बाबतीत ज्यूरीचे एकमत झाले नाही, तेही अपराधाविषयी नव्हे. सरकारी वकिलांनी जन्मठेपच मागितली असताना काही ज्यूरर मृत्युदंडावर अडून बसले होते.

आता रूबी बेट्सचा विचार करा. पेंट रॉकच्या त्या दुपारी ती 17 वर्षांची होती. समोर बंदुकांचा जमाव, शेजारी तिच्याहून मोठी आणि धीट मैत्रीण, आणि हे असे झाले ना, असे विचारणारे पुरुष. त्या क्षणाचा न्याय करताना मी हात आखडता घेतो. ॲरिस्टॉटलने अशा कृतींना मिश्र कृती म्हटले आहे. वादळात सापडलेला नावाडी जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकतो, तेव्हा ती कृती त्याच्या इच्छेची असते आणि नसतेही. एरवी त्याने तो माल कधी फेकला नसता. पण ॲरिस्टॉटल तिथेच पुढे असेही सांगतो की काही गोष्टी कितीही दडपणाखाली करू नयेत, त्यापेक्षा मरण पत्करावे. मुलीने समुद्रात जे टाकले तो माल नव्हता. ती नऊ माणसे होती, आणि बदल्यात तिचा जीव नव्हे, अब्रू आणि अटक टळत होती. म्हणून पहिल्या क्षणीही दोष शून्य होत नाही. तो वय, भय आणि अवधीचा अभाव यांमुळे हलका होतो, एवढेच.

पण आरोप ही एका क्षणाची कृती नसते, आणि या साऱ्या चर्चेत सर्वाधिक निसटणारा मुद्दा हाच आहे, असे मला वाटते. दगड हातातून सुटला की संपले, तसे इथे होत नाही. आरोप दुसऱ्या दिवशी पुन्हा करावा लागतो: जबाबात, ओळख परेडमध्ये, शपथेवर, उलटतपासणीत. एकदाही तोंड उघडावे लागले नाही, तरी समोरचा माणूस फाशीच्या कोठडीत आहे हे ठाऊक असताना गप्प राहणे म्हणजे तो आरोप रोज नव्याने करणे होय. पहिल्या दिवशीचे भय बारा दिवसांनी त्याच तीव्रतेचे नसते, वर्षाने तर नसतेच. सबबी झिजत जातात आणि जबाबदारी मात्र वाढत जाते.

रूबीने जानेवारी 1932 मध्ये आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात कबूल केले की त्या मुलांनी तिला हातही लावला नव्हता, पोलिसांनी तिला खोटे बोलायला लावले आणि आपल्यापायी ती मुले मरू नयेत असे तिला वाटते. मग एप्रिल 1933 मध्ये डेकेटर येथे त्या नऊ मुलांपैकी हेवूड पॅटरसन याचा खटला नव्याने चालला, तेव्हा ती बचाव पक्षाची साक्षीदार म्हणून न्यायालयात आली आणि काहीही घडले नव्हते असे शपथेवर सांगितले. सरकारी वकिलांनी उलटतपासणीत तिच्या अंगावरच्या नव्या कोटालाच हात घातला. हा कोट कुठून आला, पैसे कोणी दिले? न्यूयॉर्कमधल्या एका धर्मोपदेशकाने मदत केल्याचे तिच्या तोंडून निघाले आणि ज्यूरीच्या दृष्टीने तिची साक्ष तिथेच संपली. 1931 मध्ये ओव्हरऑलमधली हीच गिरणी-कामगार मुलगी खोटे बोलली तेव्हा तिच्या कपड्यांकडे, चारित्र्याकडे, गरिबीकडे कोणी पाहिले नव्हते. खरे बोलली तेव्हा कोटाची किंमत निघाली. ज्यूरीने पॅटरसनला पुन्हा दोषी ठरवले.

हा प्रसंग मी इतका लांबवतो, कारण समाजाची जबाबदारी नेमकी कशात आहे हे इथे डोळ्यांनी दिसते. त्या समाजाने रूबीच्या खोट्याला जे वजन दिले ते तिच्या खऱ्याला दिले नाही. म्हणजे तिच्या शब्दावर त्याचा विश्वास कधीच नव्हता. त्याचा विश्वास कृष्णवर्णीय पुरुषाविषयीच्या आपल्याच समजुतीवर होता, आणि तिचा शब्द त्या समजुतीला जुळला तेव्हा उचलला गेला, जुळेना तेव्हा फेकला गेला. कोणाच्या साक्षीला किती पत द्यायची हे जात, वर्ण, लिंग यांवरून आधीच ठरलेले असणे, या अन्यायाचे तात्त्विक विवेचन तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी केले आहे. मात्र तिथे बहुधा पत कमी पडण्याची चर्चा असते. पत अवाजवी मिळणे हाही तितकाच घातक प्रकार आहे, आणि ज्याला ती मिळते त्याच्या अंगावर ती जबाबदारी टाकते. आपला शब्द तपासला जाणार नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याने तो स्वतःच तपासून घेतला पाहिजे.

इथे एक आक्षेप हमखास येतो. आरोप करणारी केवळ बोलली, फाशीची शिक्षा न्यायालयाने दिली, मग परिणामाचा भार तिच्यावर का? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी 1976 मध्ये ज्याला नैतिक दैव म्हटले, त्याचा आधार इथे घेतला जातो: तेच खोटे एखाद्या निःपक्षपाती समाजात बोलले गेले असते तर चौकशीत उघडे पडले असते, मग निव्वळ परिस्थितीच्या योगायोगाने तिचा दोष मोठा का ठरावा? युक्तिवाद विचार करण्याजोगा आहे, पण इथे लागू पडत नाही. दैव तिथे असते जिथे परिणाम अनिश्चित असतो. 1931 च्या अलाबामात गोऱ्या स्त्रीने असा आरोप केल्यावर काय होते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पूर्वग्रह हा तिच्या कृतीवर बाहेरून आदळलेला योगायोग नव्हता. त्याच्याच भरवशावर ती कृती उभी होती. खोटे चालावे म्हणून ज्या गोष्टीवर आपण विसंबतो, तिच्याकडेच नंतर बोट दाखवून हात झटकता येत नाहीत.

गरिबीचा किंवा भयाचा लवलेश नसलेली माणसेही याच पूर्वग्रहावर कशी विसंबतात, हे पुढच्या काळात दिसले. ऑक्टोबर 1989 मध्ये बॉस्टन शहरात चार्ल्स स्टुअर्ट याने आपल्या गरोदर पत्नीचा खून केला आणि एका कृष्णवर्णीय लुटारूने गोळ्या झाडल्या असे सांगितले. पोलिसांनी मिशन हिल वस्तीतल्या तरुणांना भर रस्त्यात थांबवून झडत्या घेतल्या, दोन निरपराध माणसांवर संशय घेऊन त्यांतल्या एकावर तो पक्का केला, आणि जानेवारी 1990 मध्ये स्टुअर्टच्या भावाने तोंड उघडले तेव्हा कुठे सत्य बाहेर आले. दुसऱ्या दिवशी स्टुअर्टने पुलावरून उडी घेऊन जीव दिला. संशय घेतल्या गेलेल्या दोघांची शहराच्या महापौरांनी जाहीर माफी मागितली ती 2023 मध्ये. साउथ कॅरोलिनात 1994 मध्ये सुझन स्मिथ हिने आपल्या दोन लहानग्यांना तळ्यात बुडवले आणि एका कृष्णवर्णीय माणसाने गाडीसकट मुले पळवली असे नऊ दिवस सांगत राहिली. या दोघांनी खोटे रचताना गुन्हेगाराचा वर्ण सहज सुचला म्हणून निवडला नव्हता. तो चालेल याची त्यांना खात्री होती.

आरोपकर्ती नेहमी स्त्रीच असते, ही समजूतही तपासली पाहिजे. टल्सा शहरात 30 मे 1921 रोजी एका इमारतीच्या लिफ्टमध्ये डिक रोलंड या कृष्णवर्णीय तरुणाचा तिथल्या गोऱ्या चालक मुलीशी काहीतरी प्रसंग घडला. त्या मुलीने खटला चालवण्यास नकार दिला. तिच्यावर हल्ला झाला असे दुसऱ्या दिवशी छापून जाहीर केले ते वर्तमानपत्राने. त्यानंतर जमावाने ग्रीनवुड या समृद्ध कृष्णवर्णीय वस्तीतले सुमारे 35 ब्लॉक, म्हणजे रस्त्यांनी वेढलेल्या घरांचे गट, जाळून टाकले, आणि मृतांचा अंदाज 100 ते 300 इतका सांगितला जातो. पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी 1892 मध्येच हे ओळखले होते. मेम्फिसमध्ये त्यांच्या ओळखीच्या तीन कृष्णवर्णीय व्यावसायिकांचा झुंडीने बळी घेतला. खरे कारण त्यांच्या दुकानाची वाढती चलती हे होते. तेव्हापासून वेल्स यांनी झुंडबळींची प्रकरणे एकेक करून तपासली, आणि बलात्काराचा आरोप बहुतेक ठिकाणी मागाहून चिकटवलेले कारण असते असे लिहिले. त्यांच्या वर्तमानपत्राची कचेरी फोडण्यात आली. आरोप हा पुष्कळदा समाजच रचतो आणि स्त्रीचे नाव त्यावर शिक्क्यासारखे उमटवतो. अशा वेळी तिची जबाबदारी तिने स्वतः जे म्हटले किंवा ज्याला होकार दिला तेवढ्यापुरतीच राहते.

प्रामाणिक चुकीचा प्रकार निराळा आहे, आणि तो खोटेपणात मिसळू नये म्हणून दोन वाक्ये लिहितो. नॉर्थ कॅरोलिनात 1984 मध्ये अत्याचाराला बळी पडलेल्या जेनिफर थॉम्पसन यांनी रोनाल्ड कॉटन यांना मनापासून ओळखले, आणि ती ओळख चुकीची होती हे 1995 मध्ये डीएनए चाचणीने सिद्ध झाले. कॉटन यांची दहाहून अधिक वर्षे तुरुंगात गेली, पण थॉम्पसन खोटे बोलल्या नव्हत्या. इथे दोषाचा प्रश्न ओळख घेण्याच्या पद्धतीला विचारायचा असतो. तरीही थॉम्पसन यांनी कॉटन यांची क्षमा मागितली, ती त्यांना मिळाली, आणि पुढे दोघांनी मिळून ओळख परेडच्या पद्धती बदलाव्यात यासाठी काम केले. दोष नसतानाही आपल्या हातून घडलेल्या हानीचे देणे मान्य करता येते.

एक इशारा इथेच दिला पाहिजे. अशा उदाहरणांवरून अत्याचाराची तक्रार करणाऱ्या स्त्रियांवर विश्वास ठेवू नये असा निष्कर्ष काढणारे लोक मला नेहमी भेटतात, आणि मी त्यांना त्याच अलाबामातली दुसरी घटना सांगतो. 3 सप्टेंबर 1944 रोजी ॲबेव्हिल येथे चर्चमधून घरी चाललेल्या रेसी टेलर या 24 वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीला गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने पळवून नेऊन तिच्यावर बलात्कार केला. चौकशीसाठी नागरी हक्क कार्यकर्त्या रोझा पार्क्स तिथे गेल्या, खटला भरावा की नाही हे ठरवणारी ग्रँड ज्यूरी दोनदा बसली, आणि दोन्ही वेळा आरोपपत्र ठेवायलाच नकार मिळाला. राज्याच्या विधिमंडळाने दिलगिरी व्यक्त केली ती 2011 मध्ये. स्कॉट्सबरोत खोटा आरोप चार दिवसांत सिद्ध झाला आणि ॲबेव्हिलमध्ये खरा आरोप न्यायालयाच्या दारापर्यंतही पोहोचला नाही. दोन्हींत मोजमाप एकच होते, वर्णाचे. त्या व्यवस्थेला स्त्रीच्या वेदनेशी कधीच देणेघेणे नव्हते.

समाज दोषी आहे असे म्हणून थांबणेही मला पटत नाही. राजकीय विचारवंत हॅना आरेंट यांनी बजावले होते की सगळेच दोषी म्हटले की कोणीच दोषी राहत नाही. समाज म्हणजे शेवटी विशिष्ट खुर्च्यांवर बसलेली विशिष्ट माणसे. डेकेटरच्या खटल्यातले न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी पुष्कळ वर्षांनी एक हकीकत सांगितली. घटनेनंतर त्या मुलींना तपासणाऱ्या दोन डॉक्टरांपैकी तरुण डॉक्टरने त्यांना एकांतात गाठले आणि मुली खोटे बोलत आहेत असे आपले मत असल्याचे सांगितले. मग साक्ष द्या, असे हॉर्टन म्हणाले. त्यावर, या मुलांच्या बाजूने बोललो तर मला माझ्या गावी परत जाता येणार नाही, असे डॉक्टरचे उत्तर होते, आणि हॉर्टन यांनी त्याला सोडून दिले. पाण्यात राहून माशाशी वैर कोणी करावे, हा हिशेब मला कळतो. पण ही हकीकत खरी धरली, तर मूग गिळून बसलेला हा सुशिक्षित, पगारदार माणूस पेंट रॉकच्या स्थानकावर घाबरलेल्या 17 वर्षांच्या मुलीपेक्षा जास्त दोषी आहे, असे मी ठामपणे म्हणतो. त्याच्याकडे ज्ञान होते, प्रतिष्ठा होती, दोन वर्षांचा अवधी होता, आणि गमवायचे होते ते फक्त गावातले स्थान.

हॉर्टन यांनी स्वतः जून 1933 मध्ये वैद्यकीय पुरावा आणि प्राइसची साक्ष यांतली विसंगती मुद्देसूद मांडून ज्यूरीचा निकाल रद्द केला. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत मतदारांनी त्यांना पदावरून घालवले. त्यांचे धैर्य खरे होते आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. तरीही डॉक्टरला साक्षीतून मोकळे सोडण्याचा निर्णय त्यांचाच होता, आणि तो निर्णय मला आजही बोचतो. धैर्यवान माणसाच्या हातूनही जबाबदारीचा एखादा भाग निसटतो, हे त्यांच्याविषयी आदर ठेवूनच म्हटले पाहिजे.

आरोप करणारी स्त्री स्वतः बळी असल्यास तिला दोष द्यावा का, या प्रश्नाकडे आता वळतो. रूबी आणि व्हिक्टोरिया एकाच गिरणीगावच्या, एकाच दारिद्र्यातल्या, एकाच गाडीतून उतरलेल्या. एकीने दोन वर्षांनी सत्य सांगितले, उपहास आणि धमक्या सोसल्या, आणि त्या मुलांच्या आयांबरोबर वॉशिंग्टनच्या मोर्च्यात चालली. दुसरी अखेरपर्यंत आपल्या साक्षीवर ठाम राहिली. परिस्थितीच सर्व काही ठरवते असे मानले, तर या दोघींतला फरक सांगता येत नाही, आणि रूबीने जे केले त्याचे श्रेयही तिला देता येत नाही. बळी ठरलेल्या माणसाला जबाबदारीतून पूर्णपणे मुक्त करणे ही दया वाटते, पण त्यात त्याला नैतिक विचार करण्याची कुवतच नाही असे गृहीत धरलेले असते. रूबीला मी दोष देतो, उशिराचाही देतो, आणि त्याच कारणाने तिचा मनापासून आदर करतो. तिने सत्य सांगितल्याने पॅटरसन सुटला नाही. म्हणून तिची कृती वाया गेली असे मी मानत नाही, पण तिचे देणे फिटले असेही म्हणू शकत नाही.

ते देणे माफ करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न अलाबामाने स्वतःच गुंतागुंतीचा करून ठेवला. 1937 मध्ये चौघांवरचे आरोप मागे घेतले गेले. बाकीचे एकेक करून बाहेर पडले, शेवटचा 1950 मध्ये. पॅटरसन पळून गेला आणि 1952 मध्ये दुसऱ्या एका राज्याच्या तुरुंगात वारला. क्लॅरेन्स नॉरिस यांना 1976 मध्ये राज्याने माफी दिली, आणि राहिलेल्या तिघांना 2013 मध्ये, मरणोत्तर, त्यासाठी आधी नवा कायदा करून. शब्द लक्षात घ्या: राज्याने त्यांना माफी दिली. माफी अपराध्याला देतात, आणि इथे ती ज्याने मागायला हवी होती त्यानेच दिली. फ्लोरिडातल्या ग्रोव्हलंड गावी 1949 मध्ये अशाच आरोपात सापडलेल्या चौघांच्या बाबतीत हा फरक निदान उशिरा का होईना कळला. जानेवारी 2019 मध्ये त्यांना मरणोत्तर माफी मिळाली होती, पण कुटुंबीय तेवढ्यावर थांबले नाहीत. नोव्हेंबर 2021 मध्ये न्यायालयाने दोघांवरचे आरोपपत्र आणि उरलेल्या दोघांची शिक्षा रद्दबातल ठरवली, आणि आता त्या चौघांच्या नावापुढे माफ केलेला अपराधही उरलेला नाही.